धुतलेल्या वाट्या

ता. ९ जून

चि. सौ. छकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर मला तुझ्याशी धड बोलता येत नाही. आपलं घर केवढं ते तुला ठाऊक आहे. बाहेरच्या खोलीत बोललं की आतल्या खोलीत आईंना ऐकू येतं, आणि डोळे अधू झाल्यापासून त्यांचे कान भलतेच तिखट झालेत. मी नुसतं बरं बरं करत असते आणि तू समजतेस की सगळं बरं आहे. म्हणून हे पत्र. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा काउंटरवर बसून लिहिते आहे. समोर चष्म्यांच्या रांगा आणि मोठा आरसा. त्यात माझं तोंड बघवत नाही, म्हणून खाली मान घालून लिहिणं सोयीचं पडतं.

तर वन्संबाई, तुम्ही वाढदिवसाची भेट म्हणून मला जो मातीकामाचा वर्ग लावून दिलात, तिथे मी मंगळवारी जाऊन आले. खरं सांगू, तुझा निरोप आला तेव्हा म्हटलं, हिला झालंय तरी काय. जिला बसल्या जागी डुलकी लागते तिला झोप द्यायची सोडून ही चिखल देते आहे. पण तू फी भरून मोकळी झालीस, वर शेजारच्या मास्तरीणबाईंना परस्पर फोन करून त्या वेळात आईंजवळ बसायला कबूलही करून घेतलंस. डेपोत बसून साऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या लावतेस, तशी माझीही लावलीस.

वर्ग म्हणजे एका जुन्या गॅरेजात मांडलेली दोन लांब टेबलं. चाक नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की इथे सगळं दोन हातांनीच करायचं. आधी माती मळायची, चांगली दंड भरून येईपर्यंत, कारण आत हवेचा बुडबुडा राहिला तर भट्टीत भांडं फुटतं आणि शेजारच्याचंही फोडतं. मग मोसंब्याएवढा गोळा तळहातावर घ्यायचा, मध्ये अंगठा खुपसायचा आणि गोळा फिरवत फिरवत चिमटीने भिंत पातळ करत न्यायची. झाली वाटी. माझी वाटी एका बाजूने कागद आणि दुसऱ्या बाजूने वीट अशी झाली. माझ्या शेजारी एक दातांचे डॉक्टर बसतात. त्यांची पहिलीच वाटी इतकी गुळगुळीत झाली की पेशंटला चूळ भरायला द्यावी. मला त्यांचा फार राग आला.

बाई माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या की तुम्ही कुणाला तरी उचलत असल्यासारखी माती धरता. मी हसले. त्यांना काय माहीत, दिवसभर मी दुसरं काय करते. आईंचं खुब्याचं हाड जुळलं आहे, डॉक्टर म्हणतात की आता वॉकर देऊन चालतं करा. पण पुन्हा पडल्या तर ते सगळं नव्यानं निस्तरायचं माझ्यात त्राण नाही, म्हणून मी त्यांना एकटीनं उठूच देत नाही. बाथरूमपर्यंतही काखेत हात घालून नेते.

आता मुद्द्याचं. तुझा दादा गेल्यावर आईंचं सगळं माझ्याकडे आलं, त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही आणि काढणारही नाही. पण फेब्रुवारीत त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तू म्हणाली होतीस की जरा हिंडूफिरू लागली की आईला दोन-तीन महिने माझ्याकडे नेते. आधी एप्रिल म्हणालीस, मग मे. आता जून लागला. वर्ग आवडला, नाही म्हणत नाही, पण मला झोप हवी आहे छकू. सलग, कुणी हाक न मारता. केव्हा नेतेस ते कळव.

जावयांना आशीर्वाद. लोभ असावा, आणि तो नुसता पत्रापुरता नसावा.

तुझी,
वहिनी

❖

ता. २० जून

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. रागावलीस की तू मला वन्संबाई म्हणतेस हे मी लग्नानंतरच्या तुझ्या पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. तेव्हा मी तुझी पावडर संपवली होती. आत्ताचा गुन्हा त्याहून मोठा आहे, मान्य.

वर्ग मी उगाच नाही लावला. आई मागे म्हणाली होती की दादा गेल्यापासून तू दुकान आणि औषधाचं दुकान सोडून तिसरीकडे गेलेलीच नाहीस. डेपोच्या समोरच्या भिंतीवर अशाच एका वर्गाची पाटी होती. म्हटलं तुझ्या गावात शोधावा. दातांच्या डॉक्टरांचं मनावर घेऊ नकोस. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडात हात घालून काम करणाऱ्या माणसाला मोकळ्यावर वाटी करणं सोपंच जाणार.

आईला न्यायचं माझ्या मनात नाही असं समजू नकोस. पण आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्याला कठडा एकाच बाजूला. आमचे हे लांबच्या गाडीवर, दोन दिवस घरी आणि चार दिवस बाहेर. डेपोत दोघं ड्रायव्हर आजारी, जुलैत नवं वेळापत्रक लागतंय आणि माझा साहेब असा की मी शिंकले तरी विचारतो की बदलीवर कोण. सकाळी आठला बाहेर पडते ती संध्याकाळी परतते. आईला दिवसभर कोंडून ठेवू का, तूच सांग. वेळापत्रक एकदा मार्गी लागू दे. ऑगस्टमध्ये नक्की. ह्या वेळेला खरंच नक्की.

मला एक बरणी करून पाठव. झाकणाची हवी. आईला माझा नमस्कार सांग, आणि औषध घेताना तोंड वाकडं करू नकोस असंही सांग.

तुझी माया आहे म्हणून तर आमचं इथे चाललं आहे. ती आटू देऊ नकोस.

तुझी,
छकू

❖

ता. ८ जुलै

चि. सौ. छकूस,
अ. आ.

ऑगस्ट म्हणालीस, ठीक आहे. कॅलेंडरवर खूण केलेली नाही, कारण मेची खूण अजून पुसायची आहे. तिसऱ्या मजल्याचं मला पटतं, पण तो मजला फेब्रुवारीतही तिसराच होता. असो.

सध्या आम्ही वळ्यांचं काम शिकतो आहोत. मातीची करंगळीएवढी जाड वळी टेबलावर लाटायची, ती तळावर गोल फिरवून बसवायची, तिच्यावर दुसरी, आणि आतून बोटाने दाबून दोन्ही एकजीव करायच्या. थोडे थर चढले की थांबायचं. खालची माती जरा आवळू द्यायची आणि मगच वर जायचं. मला हे थांबणं काही केल्या जमेना. हात मांडीवर ठेवून नुसतं बसायचं म्हणजे काय करायचं असतं तेच विसरले आहे. मी आपली थर चढवत गेले आणि बरणी, म्हणजे तुझीच बरणी, पोटातून फुगली आणि बघता बघता खाली बसली. डॉक्टरांनी हळहळ व्यक्त केली. ते हळहळतात तेव्हा मला जास्त राग येतो.

कपाचा कानही गळला. दोन्हीकडच्या जागा काट्याने खरवडून, त्यावर पातळ माती फासून मग कान दाबून बसवायचा असतो. मी घाईत नुसतं पाण्याचं बोट लावलं. दिसायला छान दिसत होता. उचलला तर कान हातात आणि कप जमिनीवर.

पहिली वाटी मात्र भट्टीतून भाजून आली. आईंच्या हातात दिली. त्यांनी बोटांनी चाचपली, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या की बूड जड आहे, पण हाताला बरी लागते. आता पाणी प्यायला त्यांना तीच लागते. घासून पुसून ओट्यावर सिंकशेजारी तिची जागा ठरली आहे. मास्तरीणबाईंना त्या सांगत होत्या की सुनेने केली आहे. माझ्यासमोर नाही सांगितलं, मी दार उघडताना ऐकलं.

सध्या गॅरेजच्या छपराची दुरुस्ती काढली आहे, म्हणून बाईंनी सगळ्यांना कच्ची भांडी घरी न्यायला लावली. माझ्या नव्या वाट्यांचा चळतभर संसार ओट्यावरच मांडला आहे, घरात दुसरी जागा आहे कुठे. सावकाश सावलीत वाळवायच्या आणि वर्ग उघडला की भट्टीत घालायच्या. भाजून होईपर्यंत पाण्याचा थेंब लागता कामा नये, कच्ची माती पाण्यात विरघळते. मी वर वर्तमानपत्र झाकून ठेवते आणि दुकानातून आले की आधी त्यांच्याकडे बघते. ह्या वेळच्या खरंच बऱ्या झाल्यात छकू. एकसारख्या. एकीच्या कडेला मी नखाने बारीक रेघा ओढल्या आहेत. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा असं वाटलं की मी काहीतरी केलं, म्हणजे भांडी, औषधं आणि चादरी सोडून.

आईंची तब्येत तशीच. हाका वाढल्या आहेत. काही काम नसतं, मी आहे ना एवढंच बघायचं असतं.

लोभ ऑगस्टपर्यंत टिकेल एवढा तरी ठेव.

तुझी,
वहिनी

❖

ता. २४ जुलै

छकू,
आशीर्वाद लिहायचे राहून जात होते, ते आधी लिहिते. अ. आ.

काल मी आईंवर ओरडले.

दुपारी दुकानातून आले. मास्तरीणबाई घरचा गॅस बंद केला की नाही ते बघायला म्हणून पाच मिनिटं गेल्या होत्या. आतली खोली रिकामी. स्वयंपाकघरात जाऊन बघते तर वॉकर ओट्याला टेकवलेला, आणि आई सिंकपाशी उभ्या. नळ सोडलेला, कोपरापर्यंत हात चिखलाने माखलेले, सिंकखालच्या घमेल्यात तांबडं पाणी. सकाळची सगळी भांडी घासून उपडी घातली होती आणि त्यांच्यासोबत माझ्या वाट्याही त्यांनी घासायला घेतल्या होत्या. सगळ्या गेल्या. एकीचं नुसतं बूड हातात उरलं होतं आणि ते त्या घासणीने घासत होत्या.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणाले की ह्या घरात माझं म्हणून एवढंच एक होतं, तेही तुम्हाला पाहवलं नाही. म्हणाले की तुम्हाला उठायला सांगितलं होतं कुणी, पडला असतात तर पुन्हा ते सगळं मीच करायचं ना. आणि शेवटी म्हणाले की तुम्हाला पोटची मुलगी आहे, तिच्याकडे का नाही जात. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी वरच्या पट्टीत बोलले नव्हते. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्यांनी नळ चाचपून बंद केला. टॉवेल मागितला. मी त्यांना पलंगावर बसवून हात पुसून दिले, नखांतली माती काढली. जेवताना म्हणाल्या की मीठ बरोबर पडलं आहे. मला तिथे रडू आलं, पण त्यांना दिसत नाही ते एक बरं आहे.

तुझ्यावर मला राग नाही. आईंवरही नाही, म्हातारं माणूस मला मदत करायला उठलं होतं, एवढं कळतं. राग यायलासुद्धा थोडी ताकद लागते. मी थकले आहे. बसमध्ये माझा थांबा येतो आणि मला उठवत नाही, पुढच्या थांब्यावरून चालत येते. दुकानात परवा एका बाईंना दुसऱ्याच माणसाचा चष्मा बांधून दिला. आणि हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, पण मला आता भीती वाटते. आईंना बाथरूममधून आणताना एखाद्या दिवशी मी त्यांचा दंड जरा जास्तच आवळून धरेन आणि मला ते कळणार नाही.

नुसतं ऑगस्ट असं लिहू नकोस. तारीख लिही. जमत नसेल तर नाही असं सरळ लिही, म्हणजे मी वाट बघायची तरी थांबेन.

बाकी काही लिहिण्यासारखं नाही. तू बरी अस.

वहिनी

❖

ता. २६ जुलै

चि. छकूस,
आईचे आशीर्वाद.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर उजेडात धरून वाच. मास्तरीणबाई पत्ता घालून पेटीत टाकणार आहेत. त्यांनी वाचायचं नाही असं ठरलं आहे, तरी त्या वाचतील. वाचू देत.

मी तुझ्या वहिनीच्या वाट्या धुवून टाकल्या. मला पाणी प्यायला दिली आहे तशाच त्या असतील असं वाटलं. ओट्यावर खरकटी भांडी होती, म्हटलं पोरगी दमून येईल, तिला ओटा स्वच्छ दिसू दे. वॉकर घेऊन मी आपली आपण गेले. मला चालता येतं. ती चालू देत नाही. वाट्या हातात बारीक व्हायला लागल्या तेव्हा मला वाटलं माझी बोटंच बधिर झाली.

मग ती माझ्यावर ओरडली. छकू, तुला खोटं वाटेल, पण मला बरं वाटलं. माझं हाड मोडल्यापासून ती माझ्याशी दवाखान्यातल्या नर्ससारखं गोड बोलते. बरं वाटतंय का, हळूच हं, घ्या बरं. सकाळपासून तेच. मी पूर्वी तिला काय काय बोलायची आणि ती मला काय उलट उत्तरं द्यायची, आठवतं ना. ते सगळं बंद झालं. त्या दिवशी ती पहिल्यासारखी बोलली. तुझ्याकडे का जात नाही असंही म्हणाली. बरोबरच म्हणाली.

ती तुला काही लिहील असं वाटत नाही. तोंड दाबून मरेल, पण मागणार नाही. म्हणून मी मागते. मला काही दिवस तुझ्याकडे ने. मी तिच्याशिवाय राहू शकते की नाही हा प्रश्न नाही, तिला झोप हवी आहे. हाक मारायची नाही असं मी रोज ठरवते आणि मग घरात शांत झालं की भीती वाटते, म्हणून मारते. माझ्याच्याने ते सुटणार नाही. मी लांब गेले तरच सुटेल.

जिन्याचं कारण मला सांगू नकोस. दोन माणसं धर आणि उचलून ने. हे पत्र मी लिहिलं असं तिला कळवायचं नाही. तुला माझी शपथ आहे.

सुखात राहा. इकडची काळजी करत बसू नकोस, जी करायची ती काळजी इकडे येऊन कर.

तुझी,
आई

❖

ता. ३० जुलै

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तारीख मागितलीस. रविवार, ४ ऑगस्ट. सकाळच्या गाडीने येते, दुपारच्या गाडीने आईला घेऊन निघते. ऑक्टोबर संपेपर्यंत ती माझ्याकडे राहील. ड्यूटीच्या तक्त्यात मी माझ्या नावापुढे पंधरा दिवसांची रजा लिहून टाकली. साहेबांनी विचारलं की बदलीवर कोण. मी म्हटलं तुम्ही. ते काही बोलले नाहीत, म्हणजे मंजूर. रजा संपली की दिवसा खालच्या मजल्यावरची एक बाई येऊन बसायला तयार आहे. कपड्यांना इस्त्री करते, तिचं काम आमच्याच घरी करेल. जिन्याचंही झालं. वर्कशॉपमधले दोन मेकॅनिक आहेत, इंजिन उचलणारे. खुर्चीवर बसवून वर नेऊ म्हणाले.

तुझं पत्र डेपोत वाचलं. दार लावून घेतलं आणि मग पुन्हा वाचलं.

शेवटच्या क्षणी तू म्हणशील की राहू दे, आता त्यांना बरं आहे, मलाही बरं आहे. तसं म्हणायचं नाही. औषधं कशी द्यायची ते तेवढं मला समजावून सांग.

तुझ्या लोभाला मी पात्र आहे की नाही ते रविवारी बघ.

तुझी,
छकू

❖

ता. २२ ऑगस्ट

चि. सौ. छकूस,
अ. आ.

तुम्ही सुखरूप पोचलात आणि जिन्यात आई त्या मेकॅनिकांना पायरी पायरीला सूचना देत होत्या हे फोनवर ऐकलं तेव्हा बरं वाटलं. हो, रविवारी मी म्हणालेच की राहू दे. तू ऐकलं नाहीस ते चांगलं केलंस.

पहिले काही दिवस मी नुसती झोपले. दुकानातून यायचं, दोन घास खायचे आणि आडवं व्हायचं. मधूनच दचकून उठायची. हाक आली असं वाटायचं. आतल्या खोलीच्या दारापर्यंत जायची, रिकामा पलंग बघायची आणि परत यायची. आता तेवढं होत नाही. मास्तरीणबाई सवयीने येऊन बसतात, आईंच्या पलंगाकडे तोंड करून, आणि माझ्याशी फार बोलत नाहीत. त्यांनाही करमत नसावं.

गॅरेजचं छप्पर झालं, वर्ग सुरू झाला. त्या दिवशीचं घमेलं मी गॅलरीत तसंच ठेवून दिलं होतं, ओतून टाकायचंही जिवावर आलं होतं. पाणी उडून गेलं आणि तळाशी मातीची खपली उरली. बाईंना दाखवली तर त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या की भट्टीत जायच्या आधी काहीही झालं तरी ती मातीच असते, भिजवा, मळा आणि पुन्हा करा. मी महिनाभर ज्याचं सुतक धरून बसले होते ते त्यांच्या लेखी एवढंसं होतं. त्यांचं काही चुकलं नाही, त्या आमच्या घरी राहत नाहीत.

मग तुझ्या बरणीला बसले. थर चढवले आणि ह्या वेळी थांबले. थांबले ती टेबलावर डोकं ठेवून झोपलेच. जाग आली तेव्हा सगळे निघून गेले होते, बाई कोपऱ्यात केर काढत होत्या, आणि माझ्या बरणीवर कुणीतरी ओलं फडकं घालून ठेवलं होतं, काठ वाळून भेगाळू नये म्हणून. दातांच्या डॉक्टरांनी घातलं म्हणे. त्यांच्यावरचा राग थोडा कमी करावा लागणार आहे.

आईंना कसं आहे ते खरं खरं लिही. फोनवर त्या नुसतं बरं बरं करतात. हे कुणाकडून शिकल्या ते मला माहीत आहे.

इथलं प्रेम जसंच्या तसं आहे, थोडं झोपाळलेलं आहे इतकंच.

तुझी,
वहिनी

❖

ता. १४ सप्टेंबर

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

खरं खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिते.

आई चालते. गॅलरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, वॉकर आपटत, खालच्या मजल्यावर भांडण होईपर्यंत. माझा चहा तिला पांचट लागतो, माझ्या चादरी खरखरीत लागतात आणि आमचे हे घोरतात हा माझाच दोष आहे. इस्त्रीवाल्या बाईला तिने इस्त्री शिकवायला घेतली आहे. हाका मारते. मी आंघोळीला गेले की हमखास. परवा मी बाथरूमची कडी लावून, नळ सोडून, पाणी न घेता नुसती स्टुलावर बसून राहिले. बाहेर आई हाका मारत होती आणि मी ओ देत नव्हते. मग तुझ्या जुलैच्या पत्रातली ती दंडाची ओळ आठवली. तेव्हा वाचताना मला वाटलं होतं की तू थकव्यापायी जास्त लिहिलंस. तू कमीच लिहिलं होतंस.

आता जे लिहिते ते लिहू नकोस असं आईने बजावलं आहे. पण माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हा दोघींनाही माहीत असताना तुम्ही मला गुपितं सांगताच कशाला. काल संध्याकाळी ती गॅलरीत बसली होती. मला जवळ बोलावून हळूच विचारलं की मला घरी केव्हा नेणार. मी म्हटलं आई, हे घरच आहे. ती हो म्हणाली आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. घर म्हणजे तुझ्याकडे. मी तिची मुलगी, आणि घर म्हणजे तू. वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू. तिची पिशवी तिने पलंगाच्या पायथ्याशी भरून ठेवली आहे. रात्रीचे कपडे रोज त्यातून काढते आणि सकाळी घडी करून परत त्यातच ठेवते.

मी म्हटलं, वहिनीला कळवते, पुढच्याच आठवड्यात पोचवते. तर माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली की खबरदार. तिचं डोळ्यांवरचं ओझं अजून उतरलेलं नाही, फोनवर आवाजावरून कळतं. ठरलं तेवढे दिवस मी इथेच राहणार. मग मला कागद घ्यायला लावला आणि तुझ्यासाठी मजकूर सांगितला. तो जसाच्या तसा देते:

मी इथे अगदी मजेत आहे. चहा छान मिळतो. चादरी मऊ आहेत. जावई फार शांत झोपतात. ऑक्टोबर काय, त्याच्या पुढेही राहायला माझी हरकत नाही. माझी आठवण काढत बसू नकोस. मी तुझी काढत नाही.

सांगून झाल्यावर तिने ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, ठीक आहे, खरं वाटेल.

आता तू म्हणशील तसं करू. उद्या आणून सोड म्हणालीस तर उद्या. मी मोकळी होईन म्हणून विचारत नाही, म्हणजे थोडंसं त्यासाठीही आहे. पण ठरवायचं तू.

आम्हा दोघींवर सारखीच माया कर. ती माझ्यापेक्षा जास्त घेते.

तुझी,
छकू

❖

ता. १९ सप्टेंबर

चि. सौ. छकूस,
अ. आ.

तुझं पत्र काल दुकानातून आल्यावर मिळालं. वाचलं, उठले आणि माळ्यावरची बॅग काढली. दोन कपडे घातले, कंगवा घातला. शेवटची गाडी मिळेल का ते बघायचं होतं, म्हणून चष्मा शोधायला लागले. तो डोक्यावर होता. पलंगावर टेकले, जरा दम घ्यावा म्हणून. ती आज सकाळी मास्तरीणबाईंनी कडी वाजवली तेव्हा उठले. कपडे बदलले नव्हते, दिवा चालूच होता.

बॅग उघडीच होती. मी तिच्याकडे बघत बराच वेळ बसले. मग कपडे काढून परत कपाटात लावले.

छकू, मी येणार नाही. एकतीस ऑक्टोबरला ठरल्याप्रमाणे येईन आणि आईंना घेऊन येईन, त्याआधी नाही. त्यांना इकडे यायचं आहे हे वाचून मी ढसाढसा रडले. इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्यांना माझ्याकडे राहावं लागतं म्हणून त्या राहतात. तरीही मी येणार नाही. आत्ता आणलं तर डिसेंबरात मी पुन्हा त्यांच्यावर ओरडेन, आणि तेव्हा नुसती ओरडून थांबेन याची मला खात्री नाही. अजून थोडं झोपू दे मला.

तुझी मोकळं व्हायची इच्छा मला कळते. मला नाही कळणार तर कुणाला. तू अजून दीड महिना बाथरूममध्ये बसून काढ. तुझ्या साहेबांना आणखी एकदा बदलीवर बसव.

आईंना माझं उत्तर वाचून दाखव. सांग, की वहिनीने लिहिलं आहे, तुम्ही तिकडे मजेत आहात हे ऐकून फार बरं वाटलं, तुम्हाला चहा आवडतो, चादरी मऊ आहेत, माझी काळजी मिटली, मी निवांत आहे. माझा तुमच्या शब्दावर पूर्ण विश्वास बसला आहे. एवढंच वाच, इथून पुढचं वाचू नकोस.

त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या. तुझा दादा गेल्यापासून माझ्यासाठी कुणी काही केलं नव्हतं, मीच सगळ्यांसाठी करत होते. म्हणून ते खोटं मी घेते आहे. खरं काय ते मला ठाऊक आहे, हे त्यांना कधीच कळू देऊ नकोस. ह्या वेळेला तरी पोटात ठेव.

लोभ करत राहा. मी आता दिवा मालवते.

तुझी,
वहिनी